शर्करेची भुकटी आणि व्यापाऱ्याची कसोटी

व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मुलाला अक्षरांची ओळख होण्यापूर्वी मालाची ओळख होते. गूळ बोटाने दाबून पाहावा, तांदूळ तळहातावर घेऊन फुंकर मारावी, धण्याची पूड नाकाशी न्यावी, पोत्यात नळी खुपसून वरचा नव्हे तर आतला दाणा बाहेर काढावा, हे धडे त्याला कोणी पाटीवर लिहून देत नाही. दुकानाच्या गादीवर बसता बसता ते त्याच्या अंगी बाणतात. विकणारा काय सांगतो हे ऐकावे, पण सौदा मात्र हाती आलेल्या नमुन्यावर करावा, हा आपल्या वाडवडिलांचा दंडक होता.

अलीकडे मात्र आपल्या पेठेत असा एक माल शिरला आहे की, ज्याला या परीक्षांपैकी एकही लागू पडत नाही. सुबक डब्यांत भरलेली पांढरी भुकटी, वर गुळगुळीत कागद आणि त्यावर ‘रोगप्रतिकारशक्ती वाढविते’ असे आश्वासन. ती साखर नव्हे, पण शर्करेच्याच कुळातली आहे असे विक्रेता सांगतो. आजाऱ्याने घ्यावी, आणि ज्याला काही आजार नाही त्यानेही तो होऊ नये म्हणून घ्यावी, असा त्याचा आग्रह असतो. हा माल दुकानापेक्षा दिवाणखान्यातून अधिक विकला जातो, आणि विकणारा बहुधा आपलाच भाचा, मेहुणा किंवा व्याही असतो.

आमच्या नात्यातील एका तरुणाने अशाच एका मालाची साखळी-विक्री पत्करली होती. पहिली नऊ घरे गाठली, ती सारी सोयऱ्यांचीच. दहाव्या घरी एका वृद्ध काकूंनी त्याला सरळ विचारले, “बाबा, ही भुकटी घेते, मग डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू का? तू सांगशील तसे करीन.” तो तरुण निरुत्तर झाला. ‘हो’ म्हणावे तर जिवाचा प्रश्न, ‘नाही’ म्हणावे तर भुकटीचा उपयोग काय? त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “मामा, आपण विकतो ते खरे आहे की नाही, हे व्यापाऱ्याने कसे ओळखावे?” प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाला दिलेले, थोडे लांबलेले, उत्तर आहे.

शर्करेचे खरे माहात्म्य

प्रथम विक्रेत्याच्या बाजूने जेवढे खरे आहे तेवढे मान्य केले पाहिजे. आपण चहात घालतो ती साखर हा शर्करांच्या मोठ्या कुटुंबातील एक सदस्य होय. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्युकोज, झायलोज इत्यादी अनेक शर्करा आपल्या देहात आहेत. त्या केवळ इंधन म्हणून जळत नाहीत. पेशींच्या बाह्य पृष्ठभागावर प्रथिनांना आणि स्निग्ध पदार्थांना जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या असतात. पोत्यावरील शिक्का पाहून जसा माल कोणाचा हे कळते, तशा या साखळ्यांवरून पेशी एकमेकींस ओळखतात.

याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे रक्तगट. ‘ए’ आणि ‘बी’ या दोन गटांतील भेद तांबड्या पेशीवरील साखळीच्या टोकाशी कोणती शर्करा बसली आहे, एवढ्यावरच ठरतो. ‘ओ’ गटात ती टोकाची शर्करा नसते. फ्युकोज धारण करणारा मूळ पाया तेवढा असतो. मुंबईतील डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२ साली असे रक्त आढळल्याचे जाहीर केले की, ज्यात हा पायाही नाही. जगाच्या वैद्यकग्रंथांत तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून नोंदला गेला. अशा माणसास ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. एका शर्करेच्या अभावाने केवढा फरक पडतो, हे मुंबईच्याच एका शोधाने असे दाखवून दिले.

तेव्हा शर्करा आणि रोगप्रतिकार यांचा संबंध कपोलकल्पित नाही. परंतु एखादी वस्तू देहात महत्त्वाची आहे यावरून ती डब्यातून विकत घेऊन खाल्ली पाहिजे असे सिद्ध होत नाही. केस प्रथिनांचे असतात म्हणून कोणी केस खात नाही. या दोन विधानांमधील दरी भाषेच्या पुलाने ओलांडली जाते, आणि गिऱ्हाईक त्या पुलावरूनच चालत असते.

आठ शर्करा आणि धावड्याचा डिंक

या व्यवसायातील सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्याचे आहे. तेथील मॅनाटेक नावाची कंपनी १९९० च्या दशकापासून ‘अँब्रोटोज’ नावाची भुकटी साखळी-पद्धतीने विकू लागली. या मालाला ‘ग्लायकोन्युट्रिएंट’ असे भारदस्त नाव देण्यात आले. प्रचाराचा गाभा असा होता की, मानवी देहाच्या साखळ्यांत आठ शर्करा लागतात, आधुनिक आहारातून त्यांपैकी एकदोनच मिळतात, आणि उरलेल्या बाहेरून घेतल्या पाहिजेत.

आठ शर्करांची ती यादी खोटी नव्हती. जीवरसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित पाठ्यपुस्तकात मानवी प्रथिनांवर सामान्यतः आढळणाऱ्या शर्करा म्हणून ती दिलेली होती. खोट होती ती ‘आवश्यक’ या एका शब्दात. निरोगी देह या इतर शर्करा ग्लुकोजपासून स्वतःच घडवू शकतो, आणि ग्लुकोज तर भात, भाकरी, पोळी यांतून सहज मिळते. ज्याच्या घरी पीठ आहे त्याला पोळी बाहेरून आणावी लागत नाही, तसेच हे.

आता डब्यात काय होते ते पाहू. कोरफडीच्या गराचा अर्क, लार्च नावाच्या सूचिपर्णी वृक्षातून काढलेली अरॅबिनोगॅलॅक्टन ही बहुशर्करा, ट्रॅगाकँथ हा डिंक, ग्लुकोसामाइन, आणि ‘गम घट्टी’. हे शेवटचे नाव वाचून किराणा व्यापाऱ्याने थोडे थांबावे. गम घट्टी म्हणजे दुसरे तिसरे काही नसून धावड्याचा डिंक होय! आपल्या घाटांतून उतरून येणारा म्हणून त्यास ‘घट्टी’ हे नाव पडले असे मानतात. हिवाळ्यात खारीक-खोबऱ्याबरोबर ज्याचे लाडू होतात, बाळंतिणीला जो तुपात तळून देतात, तोच हा. आपण तो किलोवर विकतो. सातासमुद्रापलीकडे तो ग्रॅमच्या हिशेबाने डब्यात बसला.

डिंकाची आम्हांस निंदा करावयाची नाही. परंतु डिंकातील शर्करांची साखळी तोडणारी पाचकद्रव्ये मानवी देहात नाहीत. त्यामुळे डिंक लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो आणि तेथील सूक्ष्मजंतू त्यास आंबवून त्यापासून ॲसिटेट, ब्युटिरेट यांसारखी लहान आम्ले तयार करतात. ही क्रिया उपकारक असू शकते. तंतुमय अन्नाचा लाभ तो हाच. पण ‘डिंकातील गॅलॅक्टोज रक्तात जाऊन पेशींच्या साखळ्यांवर बसते’ हा जो दावा होता, तो या मार्गाने सिद्ध होत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रोनाल्ड श्नार आणि कॅलिफोर्नियातील हडसन फ्रीझ या दोन शर्कराशास्त्रज्ञांनी २००८ साली ‘ग्लायकोबायोलॉजी’ या नियतकालिकात नेमका हा मुद्दा मांडून, आपल्या शास्त्राचे नाव विक्रीसाठी वापरले जाते याबद्दल जाहीर निषेध केला.

तोपर्यंत प्रकरण न्यायालयात गेलेले होते. जुलै २००७ मध्ये टेक्सास राज्याच्या महाधिवक्त्यांनी कंपनीवर आणि तिचे संस्थापक सॅम कॅस्टर यांच्यावर दावा दाखल केला. विक्रीच्या ओघात कर्करोगापासून मुलांच्या जन्मजात व्याधींपर्यंत नाना रोगांवर गुण येतो असे भासविले गेले, हा आरोप होता. फेब्रुवारी २००९ मध्ये तडजोड झाली. तीनुसार कंपनीने ग्राहकांच्या परतफेडीसाठी ४० लाख डॉलर देण्याचे मान्य केले; कॅस्टर यांना १० लाख डॉलरचा दंड पडला आणि पाच वर्षे कंपनीचे पदाधिकारी होण्यास मनाई झाली. या कथेत आम्हांस दंडाच्या आकड्यापेक्षा दुसरी एक गोष्ट अधिक बोचते. रोगमुक्तीच्या कहाण्या घरोघरी सांगत होते ते पगारी नोकर नव्हते. आमच्या त्या भाच्यासारखेच, मालावर मनापासून विश्वास ठेवणारे सामान्य स्त्रीपुरुष त्यांत होते. प्रामाणिकपणा आणि खरेपणा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. प्रामाणिक माणूसही खोटे नाणे पुढे चालवू शकतो, जर त्याने ते वाजवून पाहिले नसेल तर.

निरोगी माणसावर परीक्षा कशी घ्यावी?

मग वाजवून पाहावयाचे कसे? येथेच खरी अडचण आहे. ज्वर आलेल्यास औषध दिले तर ज्वर उतरला की नाही ते दिसते. पण ज्यास काहीच झालेले नाही, त्याच्यात ‘सुधारणा’ कशी मोजावी? प्रौढ माणसास वर्षातून दोनतीनदा सर्दी होतेच, आणि ती आपोआप बरीही होते. एखाद्यास हिवाळ्यात चारदा सर्दी झाली, त्याने भुकटी सुरू केली आणि उन्हाळ्यात एकदाच झाली, तर श्रेय भुकटीला जाते. वस्तुतः ऋतू बदलला होता. शिवाय माणूस औषधाकडे वळतो तो त्रास शिगेस पोचल्यावर. त्यानंतर त्रास उतरणीस लागणे हा निसर्गक्रमच असतो.

यावर उपाय एकच. पुष्कळ माणसे घ्यावीत, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावेत, एका गटास खरा माल आणि दुसऱ्यास हुबेहूब तशीच दिसणारी पण गुणहीन पुडी द्यावी, आणि कोणास काय मिळाले हे घेणाऱ्यास व देणाऱ्यासही कळू देऊ नये. हीस दुहेरी अंध चाचणी म्हणतात. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सर्व काही सारखे ठेवून केवळ एका वस्तूचा फरक ठेवावा, म्हणजे काटा ज्या बाजूस झुकेल ते त्या वस्तूमुळेच, असा हा साधा हिशेब आहे.

अंधपणाचा एवढा आग्रह का, याची एक मौजेची आणि बोधप्रद हकीकत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत क जीवनसत्त्वाने सर्दी टळते की नाही याची चाचणी झाली आणि १९७५ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. संस्थेचेच ३११ कर्मचारी स्वयंसेवक होते आणि चाचणी नऊ महिने चालली. दुसऱ्या गटाच्या कुप्यांत दुधातील शर्करा, म्हणजे लॅक्टोज, भरलेली होती. पण कर्मचारी चतुर! पुष्कळांनी कुपी फोडून जिभेवर ठेवली. आंबट लागली तर क जीवनसत्त्व, गोडसर लागली तर शर्करा, हे त्यांनी ताडले. शेवटी हिशेब मांडला तेव्हा जीवनसत्त्वाने सर्दीचे दिवस थोडे कमी झालेले दिसले. परंतु ज्यांना आपल्याला काय मिळाले याचा पत्ता लागला नव्हता, त्यांच्यापुरते पाहिले तर तो फरक उरला नाही. म्हणजे जे काम केले ते जीवनसत्त्वाने नव्हे, तर ‘मी औषध घेत आहे’ या जाणिवेने. ‘मला गुण आला’ असे सांगणारा शेजारी खोटे बोलत नसतो; पण त्याने कुपी चाखलेली असते, हे आपण विसरता कामा नये.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. काही अभ्यासांत रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या वा लाळेतील प्रतिपिंडे मोजतात. पण हे आकडे झोप, व्यायाम, दिवसाची वेळ यांनीही हलतात. आणि आकडा वाढला म्हणजे आजार टळला असे होत नाही. ‘प्रतिकारशक्ती जितकी अधिक तितकी चांगली’ हा समजही भ्रामक आहे. दमा, परागकणांची ॲलर्जी, काही प्रकारचे संधिवात हे प्रतिकारयंत्रणा चुकीच्या जागी जोर करते म्हणून होणारे विकार आहेत. पहारेकरी जागा असावा हे खरे. पण त्याने घरच्याच माणसांवर काठी उगारू नये.

म्हणून विचारी संशोधक निरोगी माणसास एखादी लस टोचतात आणि देह तिला कसे उत्तर देतो ते मोजतात. लार्चच्या अरॅबिनोगॅलॅक्टनवर अशी चाचणी झाली आणि २०१० साली ती प्रसिद्ध झाली. ४५ निरोगी प्रौढांचे दोन गट करून एकास रोज ४.५ ग्रॅम भुकटी आणि दुसऱ्यास गुणहीन पुडी देण्यात आली. महिनाभराने सर्वांस न्युमोनियाच्या जंतूंवरील लस टोचली. जंतूंच्या सात प्रकारांविरुद्धची प्रतिपिंडे मोजली, तेव्हा दोन प्रकारांत भुकटीवाल्यांचा आकडा स्पष्टपणे अधिक आढळला. पांढऱ्या पेशी, लाळेतील प्रतिपिंडे वगैरे इतर मोजमापांत फरक दिसला नाही. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धनुर्वाताच्या लशीस मिळणारे उत्तर रोज १.५ ग्रॅम घेणाऱ्यांत वाढलेले आढळले, पण इन्फ्लुएंझाच्या लशीबाबत काही फरक नव्हता. त्याच वर्षीच्या तिसऱ्या चाचणीत, वारंवार सर्दी होणाऱ्या पण एरवी निरोगी अशा १९९ जणांत, बारा आठवड्यांत सर्दीचे प्रसंग सुमारे २३ टक्क्यांनी कमी भरले.

हे वाचून कोणी म्हणेल, “मग गुण आहेच की!” आमचे म्हणणे, घाई करू नये. सात पोत्यांतून नमुने काढले आणि दोन चांगले निघाले, तर आपण साऱ्या गाडीचा भाव त्या दोनांवर ठरवितो काय? शास्त्रात शंभरात पाच वेळा योगायोगाने दिसेल एवढा फरक ‘लक्षणीय’ मानण्याची रूढी आहे. एकमेकांशी संबंध नसलेली सात मोजमापे घेतली, तर मालात काही दम नसतानाही त्यांपैकी एखादे तरी चमकण्याचा संभव सुमारे ३० टक्के असतो. शिवाय या चाचण्यांना माल बनविणाऱ्या कंपनीचे साहाय्य होते. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही; पण विकणाऱ्याच्या काट्यावर केलेले वजन आपण एकदा आपल्या काट्यावर करून पाहतोच. प्रामाणिक निवाडा एवढाच की, येथे आशेला जागा आहे, खात्रीला नाही.

टेक्सासच्या त्या भुकटीचाही निरोगी माणसांवर अभ्यास झाला. लंडन येथे झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तातील प्रथिनांवरच्या शर्करा-साखळ्यांत काही बदल आढळला. मात्र ती चाचणी उघड होती. कोण काय घेतो हे सर्वांस ठाऊक होते. आणि साखळीतील बदलाने माणूस आजारी कमी पडतो काय, हा प्रश्न तेथे सुटला नाही. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने अशा दाव्यांचे वर्षानुवर्षे परीक्षण केले. युरोपीय संघाने २०१२ साली मान्य दाव्यांची यादी काढली, तीत प्रतिकारयंत्रणेच्या सामान्य कार्यास साहाय्य करणारे म्हणून क आणि ड जीवनसत्त्व, जस्त, लोह यांसारख्या घटकांची नावे आली. तीत डिंकाच्या भुकटीस हे स्थान मिळाले नाही.

जेथे शर्करा खरेच औषध ठरली

येथवर वाचून शर्करेस औषध म्हणणे म्हणजे भोंदूपणाच, असे कोणास वाटले तर तेही अन्यायाचे होईल. काही बालके मॅनोज ही शर्करा उपयोगात आणण्याच्या साखळीतील एका दोषासह जन्मतात. त्यांचे आतडे प्रथिने गमावते, रक्तातील साखर घसरते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अशा रुग्णास तोंडाने मॅनोज दिल्याने गुण येतो, हे १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत हडसन फ्रीझ यांचे नाव आहे! ज्याने डब्यांचा निषेध केला, त्यानेच योग्य जागी शर्करा हे औषध आहे हे दाखविण्यास हात लावला. विरोध शर्करेला नव्हता, तो पुराव्याविना केलेल्या विक्रीला होता.

दुसरे उदाहरण आणखी मार्मिक आहे. १९९२ साली एक विरळ व्याधी नोंदली गेली. तीत पेशींवरील साखळ्यांना फ्युकोज लाभत नाही. त्यामुळे पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीचा आधार धरता येत नाही, जंतूंच्या ठिकाणी त्या पोचत नाहीत, आणि बालक वारंवार जंतुसंसर्गाने ग्रासते. या बालकांचा रक्तगट असतो तो मुंबईचाच, भेंड्यांनी शोधलेला! १९९९ साली अशा एका बालकास फ्युकोज तोंडाने देण्यात आले आणि त्यास स्पष्ट गुण आला. तोच उपाय दुसऱ्या कुटुंबांतील मुलांवर केला, तेव्हा तो लागू पडला नाही, कारण दोषाचे स्वरूप सूक्ष्मपणे निराळे होते. व्याधीचे नाव एक आणि शर्करा एक, तरीही एकास गुण आणि दुसऱ्यास नाही. मग ज्यांना काहीच उणे नाही अशा लाखो निरोगी माणसांस एकच डबा सरसकट लाभेल, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

कायदा, आहार आणि व्रत

आपल्या देशात या मालावर कायद्याची नजर आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याखालील पूरक आहारासंबंधीचे नियम २०१६ साली निघाले. अशा डब्यावर तो औषधी उपयोगासाठी नाही असे स्पष्ट छापावे लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कर्करोग, मधुमेह इत्यादी रोग बरे करण्याच्या जाहिरातींस तर १९५४ सालच्या कायद्यानेच बंदी घातली आहे. थेट विक्रीसाठी २०२१ साली ग्राहक संरक्षण कायद्याखाली वेगळे नियम झाले आणि माणसे जोडण्यावरच कमाई देणाऱ्या पिरॅमिड योजनांस मनाई झाली. दुकानदाराने गिऱ्हाइकास तोंडी सांगितलेले वाक्य कोणी छापून ठेवीत नाही हे खरे. पण आपल्या समाजात तोंडच्या शब्दाची किंमत छापील शब्दाहून कमी कधीच नव्हती.

जैन गृहिणीने आणखी एक गोष्ट पाहावयाची आहे. बाजारातील ग्लुकोसामाइन पुष्कळदा खेकडे आणि कोळंबी यांच्या कवचांपासून काढलेले असते. बुरशीपासून केलेलेही मिळते. प्रतिकारशक्तीसाठी विकले जाणारे बीटा-ग्लुकन अनेकदा किण्वापासून किंवा अळंब्यांपासून येते. भुकटी ज्या कुपीत भरलेली असते ती जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेली, असू शकते. ‘सारे वनस्पतिजन्य आहे’ या तोंडी आश्वासनावर न विसंबता घटकांची यादी आणि हिरवे चिन्ह पाहावे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात अभक्ष्य वस्तू ‘आरोग्य’ या नावाने डब्यातून शिरावी, याहून मोठी विसंगती कोणती?

आणि शेवटी व्रताचा प्रश्न. श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगताना तत्त्वार्थसूत्राने खोटे माप आणि मालातील बनवाबनवी यांची गणना अचौर्यव्रताच्या दोषांत केली आहे, आणि सत्यव्रताच्या दोषांत पहिला सांगितला आहे तो मिथ्योपदेश. आपल्या समाजाने मापाचा दोष कटाक्षाने टाळला. त्या बळावर परमुलखात साख मिळविली. परंतु वजन अचूक आणि उपदेश चुकीचा असेल, तर व्रत कितपत पाळले गेले? एक किलो डिंक म्हणून एक किलो डिंक देणे हा व्यापार होय. तोच डिंक ‘याने रोग शिवणार नाही’ असे सांगून देणे हा मिथ्योपदेश होय, मग सांगणाऱ्याचा स्वतःचा त्यावर कितीही विश्वास असो.

म्हणून आमच्या बांधवांस आम्ही चार प्रश्न सुचवितो. असा माल दारी आला म्हणजे विचारावे: हा दावा माणसांवर तपासला आहे, की केवळ काचपात्रात आणि उंदरांवर? तुलनेसाठी दुसरा गट होता काय, आणि कोणास काय मिळाले हे गुप्त होते काय? मोजले ते रक्तातील आकडे, की प्रत्यक्ष आजारपण? आणि माल बनविणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तीच परीक्षा पुन्हा घेतली काय? चारही उत्तरे समाधानकारक असतील तर माल अवश्य ठेवावा. उत्तरे नसतील तर तो आहारातील पदार्थ म्हणून, जेवढा आहे तेवढाच सांगून विकावा. आणि ज्याच्या जिवावर बेतेल असा शब्द तोंडून जाऊ देऊ नये.

आमच्या त्या भाच्याची हकीकत सांगून हा लेख पुरा करतो. दुसऱ्या दिवशी तो काकूंच्या घरी गेला. “काकू, गोळ्या बंद करू नका, आणि या भुकटीने काय होते ते मला ठाऊक नाही,” एवढेच त्याने सांगितले आणि पैसे परत केले. इतर नऊ घरीही तो याच शब्दांनिशी गेला. त्याच्या गाठीचे काही हजार रुपये त्या व्यवहारात बुडाले. आज तो आपल्या वडिलांच्या दुकानात बसतो, धावड्याचा डिंक विकतो, आणि कोणी त्याचा गुण विचारला तर लाडू चांगले होतात एवढे सांगतो. काकू महिन्याचा सारा किराणा त्याच्याकडूनच नेतात. बुडालेल्या रुपयांची ही परतफेड कोणत्या खाती जमा धरावी, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे.

जय जिनेंद्र!